सहा सारख्या बाटल्या

मामांना नेमकं किती दिसतं, हा प्रश्न मला माझी मुलगी कृपा जन्मली तेव्हापासून पडू लागला. त्याआधी वर्षभर मी त्याच घरात होते, पण तोवर त्यांच्या हाती देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

मामा म्हणजे माझे सासरे, पाळक कोंडीराम भिंगारदिवे. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव आणि भोवतालच्या सात वाड्या, एवढ्यांची ख्रिस्ती मंडळी ते चोवीस वर्षं सांभाळत होते. माझा नवरा जालिंदर कोल्हारच्या शाळेत मास्तर. तिथं खोली मिळेपर्यंत मी सासरी राहायचं ठरलं होतं, आणि खोली काही मिळत नव्हती. त्र्याहत्तरचा मार्च. दुसरं वर्ष पाऊस नव्हता. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होतं आणि घरोघर रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी भाजल्या जात होत्या. त्या भाजताना तुटत आणि खाताना तुटत नसत.

माझ्या सासूबाईंना, राहीबाईंना, मी आत्याबाई म्हणायची. त्या पहाटेच भुकटीचं दूध कालवून तलावावर नेत आणि खडी फोडणाऱ्या बायांची पोरं दिवसभर छपराखाली सांभाळत. मामा घराच्या ओट्यावर औषधांची पेटी घेऊन बसत. तरुणपणी मिशनच्या एका दवाखान्यात ते तीन आठवडे औषधांचं शिकून आले होते. जुलाब, खोकला, खरूज, हिवताप, डोळे येणं, भाजणं, एवढ्यांपुरतं. त्यापुढचं असलं की ते सरळ सांगत, "हे माझ्या पेटीतलं नाही. पारनेरला जा." स्वतःच्या खिशातून गाडीभाडंही देत, यावर आत्याबाईंचं त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी वाजे.

ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या दुसऱ्या रविवारी मला पहिला धक्का बसला. मामा उपासनेत मंडळीपुढे उभे राहून स्तोत्र वाचत होते. खिडकीतून वावटळ आली आणि त्यांच्या हातातल्या पवित्र शास्त्राची दहा-बारा पानं भर्रकन उलटली. मामा वाचतच राहिले. एक शब्द अडला नाही. लोकांना वाटलं असेल, पाळकसाहेबांचं पाठांतर केवढं! मी मांडीवरच्या कृपाला घट्ट धरलं.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, "मामांना दिसत नाही का?"

त्या चुलीपुढे होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "दिसतं की. जरा अंधूक आहे. मोतीबिंदू आहे म्हणे."

"मग ऑपरेशन?"

"ऑपरेशन झालं की डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवतात. आठ दिवस मान हलवायची नाही. पुढं दोन महिने ओणवं व्हायचं नाही. इथं कोण बघणार? पाऊस पडू दे, मग बघू."

"पण मिशनच्या नगरच्या कार्यालयाला कळवायला नको?"

आता मात्र त्या वळल्या. "कळवलं की ते त्यांना काढून नवा पाळक पाठवतील. दुष्काळाच्या ऐन मध्यात. नव्या माणसाला या वाड्या कळेपर्यंत पाऊस पडेल. आणि हे घर पाळकाचं आहे, पोरी. आपलं नाही."

मला सगळं पटलं, आणि तरी माझं मन काही थाऱ्यावर आलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही म्हणता तर मी कुणाला बोलणार नाही. पण त्यांना खरंच दिसत नसेल, तर कृपाला मी त्यांच्याकडे सोडणार नाही. वेळ आली तर केडगावला आईकडे जाईन."

हे बोलताना ओट्यावर मामा होते. भिंत मातीची, दार उघडं. त्यांनी ऐकलं असणार. त्या दिवसापासून कृपा रांगत त्यांच्याजवळ गेली की ते हात मांडीवर घट्ट मिटून बसत आणि मला हाक मारत, "बाळ, ही बघ, इकडं आलीय." उचलून मात्र घेत नसत. मला सुटल्यासारखं वाटे आणि शरमही वाटे. दोन्ही एकदमच.

अंधूक दिसतं हे मी खरं धरून चालले, आणि त्यावर उपाय शोधला. कॉलेजात शिकलेलं माणूस हेच करतं.

मामांच्या पेटीतल्या बाटल्या म्हणजे एक जत्राच होती. खरजेचं पांढरं औषध ब्रँडीच्या चपट्या बाटलीत होतं. ती त्यांना पूर्वी कधी डाकबंगल्याच्या चौकीदाराने दिली होती, आणि गावातले लोक त्यावरून थट्टा करत. "पाळकसाहेब, आमालाबी जरा खरूज झालीय, चपटीतलं द्या की." जुलाबाचं, तेही पांढरंच, एका बुटक्या, बाहेरून दातेरी बाटलीत. खोकल्याचं एका लांब मानेच्या बाटलीत. चिठ्ठ्या उडून गेलेल्या, बुचांच्या जागी चिंध्या. माझा भाऊ नगरला कंपाउंडर आहे. त्याच्याकडून मी सहा नव्या बाटल्या मागवल्या, एकसारख्या, बुचं घट्ट. उकळून घेतल्या. औषधं त्यांत भरली आणि प्रत्येकीवर कागद चिकटवून टाकाने काळ्याभोर, बोटभर उंचीच्या अक्षरांत नावं लिहिली. अंधूक दिसणाऱ्यालाही वाचता यावीत म्हणून. जुन्या बाटल्या भंगारवाल्याला दिल्या.

"मामा, बघा, आता चुकायला जागाच नाही."

मामांनी एकेक बाटली हातात घेतली. वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. "बरं केलंस, बाळ," म्हणाले. मग जरा थांबून, "कोणती कुठं लावलीस?"

मी सांगितलं. पहिली खोकल्याची, दुसरी जुलाबाची, तिसरी खरजेची, चौथी, पाचवी, सहावी. त्यांनी ते माझ्यामागून हळू आवाजात म्हटलं. मला वाटलं, कौतुकाने म्हणतायत.

पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका मंगळवारी संध्याकाळी धुळीची अशी वावटळ आली की घरातली भांडी तपकिरी झाली. मी पेटी रिकामी करून पुसली. बाटल्या परत ठेवताना वाटलं, वर्णमालेच्या क्रमाने लावाव्यात, म्हणजे शोधायला सोपं. खरूज, खोकला, जुलाब, डोळे, भाजणं, हिवताप. नीटनेटकं काम झालं म्हणून मी खूश होते. मामांना सांगायचं सुचलंसुद्धा नाही. सांगायचं कशाला? अक्षरं होती ना.

बुधवारी दुपारी बाराच्या पुढे मी कृपाला पाजून निजवलं आणि ओट्यावर आले. पेटी उघडीच होती. पहिल्या बाटलीच्या अंगावरून पांढरा ओघळ आला होता, अजून ओला. खरजेचं औषध.

"मामा, सकाळी खरजेचं कुणी आलं होतं?"

"नाही. दोघंच आले आज. साळूबाई आली होती, नातवाला जुलाब लागलेत म्हणून. आणि खोकल्याचं एक."

"साळूबाईला कुठल्या बाटलीतलं दिलंत?"

"दुसऱ्या," ते सवयीने म्हणाले.

दुसरी बाटली खोकल्याची होती, तांबडी, आणि तिच्यावर पांढरा थेंबही नव्हता. "मामा, दुसरी नाही दिलीत तुम्ही. आठवा."

मामांच्या तोंडाकडे मी बघत होते. ते आठवत होते, आणि त्यांचा हात हवेत पेटीवरून फिरत होता. पहिली, दुसरी. मग तो थांबला.

"खोकल्याचा माणूस आधी आला," ते म्हणाले. "पहिल्या बाटलीचं बूच काढलं, तर पातळ लागलं. म्हणून शेजारची घेतली. ती दाट होती. मग म्हटलं, सूनबाईने जागा बदललीय, पहिली आता जुलाबाची दिसते." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "साळूबाईला पहिलीतलं दिलं. तिच्या वाटीत दोन चमचे ओतले. वास आला नाही मला. धुळीने महिनाभर नाक चोंदलंय. काय आहे त्यात?"

"खरजेचं."

"तुला दिसत नव्हतं का, मी वाचत नाही ते?" असं ते मला विचारू शकले असते. त्यांनी तसं विचारलं नाही. ते म्हणाले, "धाव."

भावाने बाटल्यांबरोबर चिठ्ठी पाठवली होती, त्यात लिहिलं होतं: खरजेचं औषध अंगाला लावायचं, पोटात जाता कामा नये, लहान पोराला झटके येतात. तलाव मैलभर. आत्याबाई तिकडेच. शेजारीपाजारी सगळे खडीवर. कृपाला त्या उन्हात काखेत मारून मैलभर धावता आलं नसतं. मी तिला उचलून बाहेर आले आणि मामांसमोर उभी राहिले.

"मामा, हिला धरा."

ते उठले नाहीत. म्हणाले, "इथं नको. आत चल. मला खाली बसव." मी त्यांना आतल्या भिंतीला टेकून बसवलं. त्यांनी पाय लांब केले. "पाण्याचा तांब्या उजव्या हाताला. चुलीत विस्तव आहे?"

"नाही."

"विळी?"

मी विळी फडताळावर टाकली.

"आता दे तिला. आणि दाराला बाहेरून कडी घाल. म्हणजे तीही कुठं जाणार नाही आणि मीही." कृपा जागी झाली आणि रडू लागली. त्यांनी तिच्या पोटावर दोन्ही हात बांधले. "बाळ, मला काही दिसत नाही. उजेड कुठून येतो तेवढं कळतं. हे तुला कळलेलं बरं. आता जा."

मी कडी घातली. रस्त्याला लागेपर्यंत कृपाचं रडणं ऐकू येत होतं, आणि त्यावर मामांचा आवाज. भजन म्हणत होते.

कामापुरतं ठोकलेलं साळूबाईचं पाल तलावाच्या काठाला होतं. साळूबाई म्हणजे चांगल्या दहा एकरांच्या घरची बाई. दोन वर्षांपूर्वी आमच्या दारावरून जाताना पदर सावरून, बाजूने जायची. आता तिची सून खडी फोडत होती आणि ती नातवाला राखत होती. मी पोचले तेव्हा तीन वर्षांचं पोर तिच्या पुढ्यात ओकत होतं. तोंड लालबुंद. आणि तिच्या हातात दुसरा चमचा भरलेला.

मी वाटी हिसकावली. औषध मातीत सांडलं.

"आवं, असं काय करता? एकच चमचा दिलाय. अर्धा तर त्यानं थुकलाच. साहेबांनी दोन सांगितलेत."

"साळूबाई, ते औषध चुकलंय. दुसरंच आहे ते. किती वेळ झाला देऊन?"

"आत्ताच की. सून जेवाया आली की तिच्या हातनं द्यावं म्हनून थांबले हुते, पर मुकादमानं तिला सोडलीच न्हाई."

आत्याबाई छपराखालून धावत आल्या. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. पोराला मांडीवर घेतलं, तोंड धुतलं, चमच्याचमच्याने पाणी पाजलं. पारनेरची एस.टी. सकाळीच गेलेली. तलावाच्या कामाचा ट्रक नगरहून पाच वाजता येणार होता. तोवर पोराकडे बघत बसायचं, एवढंच हाती.

तसं बघत बसणं मला चांगलं येतं. मी त्याचे डोळे बघितले, बोटं बघितली, पाय ताठतायत का ते बघितलं. माझ्या अंगावरचा दुधाचा पान्हा फुटून चोळी भिजली. घरी कृपा कडीबंद दाराआड होती. आत्याबाईंनी ते पाहिलं. "जा तू. मी आहे इथं," म्हणाल्या. मला उठताच येईना. हे पोर गेलं तर मी पुन्हा कृपाला कुठल्या तोंडाने जवळ घेणार, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

पोर आणखी एकदा ओकलं आणि मग मलूल पडलं. तेव्हा मी साळूबाईला सगळं सांगून टाकलं. मामांना दिसत नाही, हेही सांगितलं. आत्याबाईंनी मान खाली घातली.

साळूबाई माझ्याकडे बघतच राहिली. "हे तुमी आमाला सांगता व्हय? त्यांना दिसत न्हाई हे समद्या कामावर ठाऊक हाय. पोळ्याच्या दिशी त्यांनी माझ्या बैलाला, 'कसं काय, आप्पासाहेब' केलं. आप्पासाहेब म्हंजी माझा धनी."

आत्याबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी लगेच पदर तोंडावर धरला.

"मग औषधाला का येता?" मी विचारलं.

"का म्हंजी? दिसत हुतं तवा तरी ते कुठं बघून औषद देत हुते? इचारून देत हुते. पोरानं काय खाल्लं, किती वेळा गेलं, सून जेवली का, तुला झोप लागती का. पारनेरचा डाक्तर वर मान करून बगत न्हाई." मग तिचा आवाज बदलला. "पर एक सांगते, सूनबाई. माझ्या पोराला काय झालं ना, तर मी त्यांना सोडनार न्हाई. आन तुमाला तर मुळीच न्हाई. त्यांना दिसत न्हाई. तुमाला दिसतंय."

मी पुन्हा पोराची बोटं बघू लागले.

चारच्या सुमाराला पोराने डोळे उघडले, उठून पालामागे जाऊन लघवी केली आणि परत येऊन भाकरी मागितली. साळूबाईने त्याला छातीशी धरलं आणि त्याच क्षणी पाठीत एक धपाटाही घातला. ट्रक आला तेव्हा आत्याबाई तरीही त्याला आणि साळूबाईला घेऊन पारनेरला गेल्या. डॉक्टरांनी तपासून, काही नाही, म्हणून सांगितलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मी घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आतून आवाज नव्हता. मी कडी काढली. मामा जिथं बसवले होते तिथंच होते, तसेच पाय लांब करून. कृपा त्यांच्या पायांच्या मधल्या खळग्यात झोपली होती. धोतर दोनदा तरी ओलं झालेलं असावं. पाण्याच्या तांब्यात त्यांनी आपल्या पंच्याचं टोक बुडवून तिला चोखायला दिलं होतं. ते तिच्या मुठीत होतं.

"पोर?" त्यांचा घसा पार बसला होता.

"बरं आहे. भाकरी मागितली त्याने."

त्यांनी डोळे मिटले.  मग म्हणाले, "हिला उचल. माझे पाय मला आता कळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते तलावापर्यंत चालत गेले. साळूबाईसमोर उभं राहून म्हणाले, "साळूबाई, चूक माझी. मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं." ती त्यांना बसा म्हणाली. मग तिने गावकऱ्यांदेखत अर्धा तास त्यांना यथेच्छ बोलून घेतलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. निघताना ती म्हणाली, "आन डोळं कापून या आता. तोवर काय मरत न्हाई आमी."

घरी आल्यावर मामांनी पेटीला कुलूप लावलं आणि मला कागद घ्यायला सांगितला. नगरच्या कार्यालयाला पत्र. ते सांगत गेले, मी लिहीत गेले.

"माझी दृष्टी गेली वर्षभर नाही. हे मी आपणास कळवले नाही. माझ्या हातून एका मुलास चुकीचे औषध दिले गेले. देवाच्या कृपेने मूल वाचले. मला सेवेतून मुक्त करावे. नवे पाळक केव्हा येतात ते कळवावे, म्हणजे घर रिकामे करता येईल."

पहाटे साळूबाईबरोबर पारनेरहून परतलेल्या आत्याबाई तलावावरचं दूध वाटून तेव्हाच घरी आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "आणखी लिही. दुधाचं छप्पर चालू राहील. राहीबाईला कुणी नेमलेलं नाही, तेव्हा तिला कुणी काढूही शकत नाही. घर नसलं तर ती छपराखाली राहील."

"हे लिहायचं?" मी मामांना विचारलं.

"लिही," मामा म्हणाले. "ती नाहीतर स्वतः जाऊन सांगेल."

मी लिहिलं. आणि त्याखाली, त्यांनी न सांगितलेलं, माझं एक वाक्य लिहिलं. मग सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तेही वाक्य. 'बाटल्या मी बदलल्या होत्या आणि त्यांच्या जागाही मीच बदलल्या. पाळकांस त्याची कल्पना दिली नव्हती.'

मामा ताठ झाले. "हे मी सांगितलं नाही."

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण पत्र पाळकाचं आहे. नजर माझी गेली, लपवलं मी, ओतलं माझ्या हाताने. घरातल्या लेकरावर मी ते ढकलणार नाही. खोड."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लेखणी दौतीत बुडवली, आणि त्या वाक्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेत कागदावर करकर ऐकू जाईल अशा चार रेघा ओढल्या.

"खोडलंस?"

"खोडलं, मामा."

त्या घरात मी मामांशी बोललेलं तेवढं एकच खोटं.  आत्याबाईंनी कृपाला उचललं आणि नवऱ्याच्या मांडीवर दिलं. मामांनी या वेळी हात मिटून घेतले नाहीत. मग मी त्यांचं बोट धरून सही करायची जागा दाखवली, वाक्याच्या बरोबर खाली, आणि त्यांनी सावकाश, एका सरळ ओळीत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.